कॅमशाफ्ट निवडला तो श्रावण

आषाढ निम्म्यावर आला की दरवर्षी माझ्या फोनवर एक निरोप येतो. जुन्या स्पोर्ट्स गाड्या बाळगणाऱ्या चाळीसेक वेड्यांचा आमचा एक गट आहे, त्यांचा. दक्षिणेतला एक रेसट्रॅक दोन दिवस आपल्याला मोकळा मिळतोय, ज्यांना यायचंय त्यांनी नाव कळवा. निरोपाखाली लगेच अंगठे उगवायला लागतात. मी तो वाचते, फोन पालथा ठेवते आणि गॅलरीत जाते. खाली, पेणच्या रामवाडीतल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, निळ्या ताडपत्रीखाली माझी लाल गाडी उभी असते. ताडपत्रीवर पाण्याचं तळं साचलेलं असतं. खाली जाऊन काठीने ते पाणी ढकलून द्यायचं, एवढाच या दिवसांत आमचा संबंध.

गाडी जपानी आहे, दोन दारांची, दोनच माणसांची, आणि वयाने तिशी ओलांडलेली. पुढचे दिवे बोनेटमधून वर उघडतात, म्हणून इमारतीतली पोरं तिला बेडूक म्हणतात. रोह्याजवळच्या एका घराने ती आखातातून परत येताना सोबत आणली होती. मग त्यांची मुलंही आखातात गेली आणि गाडी पडवीत राहिली. मी ती घेतली तेव्हा डिकीत कोंबडीची पिसं होती. स्टिअरिंग डाव्या बाजूला. त्यामुळे ट्रकच्या मागे अडकलं की पुढचं काही दिसत नाही. समोरून कुणी येतंय का ते शेजारी बसलेल्याला विचारावं लागतं. माझ्या शेजारी सहसा कुणी नसतं. मग मी ट्रकच्या मागेच राहते, त्याच्या चाकांचा चिखल काचेवर झेलत.

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. रोह्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करते, तीन पाळ्यांत. घर रामवाडीत, माहेर हमरापूरला. लग्न केलं नाही, त्यामुळे माहेर सुटायचा प्रश्नच आला नाही. नकाशावर या तीन ठिकाणांमधून रेघ ओढली तर ती टीचभर भरते, आणि मी त्या रेघेवर आयुष्य काढलंय. हे मला ठाऊक होतं, पण ते आकड्यांत लिहून माझ्यासमोर आलं ते त्या श्रावणात, पाच वर्षांपूर्वी, जेव्हा मी गाडीसाठी कॅमशाफ्ट निवडत होते.

त्या वर्षी मी पहिल्यांदा आणि शेवटचं नाव कळवलं होतं. मला त्या ट्रॅकवर जायचं होतं. जाऊन-येऊन सहा दिवस. कंपनीतून रजा मिळाली. अडचण एकच होती, ती म्हणजे ते सहा दिवस गणपतीच्या ऐन तोंडावर येत होते.

हमरापूरला आमचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याचा लांबट मांडव, प्लास्टरची पांढरी धूळ, रंगाचा आणि ओल्या गोणपाटाचा वास, आणि मूर्ती वाळाव्यात म्हणून दिवसभर घरघरणारे पंखे. साचा, घासकाम, अंगाचा रंग, सोवळ्याचा रंग हे सगळं कुणीही करतं. डोळे मात्र एकाच हाताने काढायचे, ही आमच्या घरची पद्धत. एका घरातून निघालेल्या सगळ्या मूर्तींनी एकसारखं बघितलं पाहिजे, असं आई म्हणायची. तिच्याआधी आजीचा हात होता, मग आईचा, आईनंतर माझा. डोळे काढून होईपर्यंत मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवायच्या. श्रावणात मांडवात शिरलं की शेकडो पाठी दिसतात. त्या तुमच्यासाठी थांबलेल्या असतात, आणि थांबलेली पाठ किती बोलते ते मी सांगू शकत नाही. लहानपणी मला त्यांची भीती वाटायची. मोठी झाल्यावर राग यायला लागला. "तुला काय, एकटी तर आहेस," असं मावश्या-आत्यांपैकी कुणी ना कुणी म्हणतंच, जणू एकट्या माणसाचा श्रावण सार्वजनिक असतो.

दादाला मी ट्रॅकचं सांगितलं तेव्हा तो मूर्तीच्या मुकुटाला सोनेरी लावत होता. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. "दादा, बुधवार ते सोमवार मी नाही," मी म्हटलं. त्याने ब्रश खाली ठेवला नाही.

"बरं," तो म्हणाला.

त्यावर काहीच नाही. ना "किती दिवस", ना "मग डोळ्यांचं काय". ते "बरं" मी घरी घेऊन आले आणि रात्रंदिवस वाजवत बसले. चिडला असता तर मी भांडले असते. भांडायला मला चांगलं येतं.

गाडीचं काम शरीफचाचांकडे होतं. रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीत त्यांचं गॅरेज आहे. पंचवीस वर्षं आखातात काढलेला माणूस. तिथल्या श्रीमंतांच्या शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं उघडणं-मिटणं हेच काम. "गाड्या उडायच्या, ताई," ते सांगतात, "आनि आमी आठ जन एका खोलीत, खिडकी उघडायची नाय, एसी चालू." गुडघे गेले तसे परत आले. चाचांना इंजिनाचं बोलायला आवडतं आणि मला ऐकायला, त्यामुळे पहिल्या पाळीनंतर कंपनीच्या बसने घरी येण्याऐवजी मी किती दुपारी तिथल्या लाकडी बाकावर घालवल्या याचा हिशेब नाही. बाहेर पाऊस, आत ग्रीसचा वास, आणि चाचांच्या घरातून येणारा तांदळाच्या भाकरीचा.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा एक दांडा. त्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात. दांडा फिरतो तसे ते उंचवटे व्हॉल्व्ह दाबतात आणि इंजिन श्वास घेतं, सोडतं. उंचवटा लहान असला तर श्वास बेताचा. गाडी संथ चालीला गोड, सिग्नलला शांत. उंचवटा मोठा केला तर इंजिन छाती भरून श्वास घेतं, पण फक्त पळताना. उभं राहिलं की ते धापा टाकतं, थरथरतं, हळू चालवलं तर रडतं. दोन्ही एकाच दांड्यात मिळत नाही. माझ्या इंजिनात असे दोन दांडे होते, आणि तीस वर्षांत त्यांची पालिश पार उतरली होती. नवी जोडी परदेशातून मागवायची तर दिवाळी उजाडली असती. चाचांच्या ओळखीचा मुंबईत एक ग्राइंडिंगवाला होता. जुनाच दांडा घ्यायचा, उंचवट्याच्या बुडाचा गोल भाग घासून कमी करायचा, म्हणजे उंचवटा आपोआप उंच ठरतो.

"मोठा करू की बारीक, ते मी सांगेन," चाचा म्हणाले, "पन गाडी चालवनार कुठं, ते तुमी पयले सांगा."

"रामवाडी ते रोहा. रोहा ते रामवाडी. कधी हमरापूर."

"आनि?"

"आणि एकदा ट्रॅकवर."

"एकदा," चाचा म्हणाले आणि हात पुसायला लागले.

त्यांनी मला एक काम लावलं. तीन आठवडे गाडी रोजच्या रस्त्याला काढायची, आणि इंजिनाचे फेरे मोजणारा आरपीएमचा काटा कुठे-कुठे असतो ते नोंदवायचं. आखातात ते असंच करत; मालक सांगतो ते ऐकायचं नाही, काटा काय सांगतो ते ऐकायचं. मी प्रयोगशाळेतली बाई, नोंदी म्हटलं की मला उत्साह येतो. गाडीत मोठ्याने बोलून फोनवर ठेवायचं आणि घरी आल्यावर वहीत उतरवायचं. वडखळ, पहिला गिअर, हजार. वडखळ, अजून पहिला गिअर, हजार. कासूजवळ रस्ता उकरलेला, अकराशे. खड्ड्यात पोट घासलं, काटा बघितला नाही, शिवी दिली. नागोठणे, डंपरच्या मागे, बाराशे. काचा धुरकटलेल्या, वायपर कुरकुरतोय, बाहेर रस्त्याकडेला भिजलेल्या म्हशी माझ्या खिडकीहून उंच. मागून हॉर्न, पुढे हॉर्न, आणि मध्ये ही दीडशेच्या वेगासाठी बांधलेली गाडी, माणसाच्या चालीने. रोज संध्याकाळी वहीत तेच आकडे लिहिताना माझ्या लक्षात येऊ लागलं की हे गाडीबद्दल नाही.

एका सकाळचा आकडा मात्र वेगळा आहे. पहिली पाळी होती, पाऊस रात्रभर कोसळून थांबला होता. नागोठण्याहून रोह्याकडे वळले आणि भिसे खिंडीच्या अलीकडे रस्ता रिकामा. ना ट्रक, ना म्हैस, ना माणूस. दोन्हीकडे लावणी झालेली शेतं, हिरवी आणि गप्प. मी तिसऱ्यात पाय दाबला. तीन हजार, चार, मग इंजिनाचा आवाज बदलला. इतका वेळ नाकात बोलणारं कुणी एकदम गळा मोकळा करून गायला लागावं तसा. पाच हजार दोनशे. दीडेक किलोमीटर असेल. मी हसत होते, मोठ्याने, एकटीच. मग खिंडीचं वळण आलं आणि समोर गॅसची टाकी वाहणारा टँकर. त्या दिवशी कंपनीत मी सगळ्यांशी इतकं गोड बोलले की पर्यवेक्षकाने विचारलं, बरी आहेस ना.

चाचांनी वही वाचली. चष्मा लावून, बोट फिरवत, पान न् पान. "ताई, तुमचा अख्खा महिना पंधराशेच्या आत हाय," ते म्हणाले. "मोठा घातला तर ही गाडी वडखळला रोज रडंल." मग त्या एका आकड्यावर बोट थांबलं, कारण त्याच्याखाली मी दोनदा रेघ मारली होती. त्यांनी पान उलटलं. पण मला लाज वाटली, वहीत सापडलेलं प्रेमपत्र मास्तरांनी वाचावं तशी.

"मोठा करा," मी म्हटलं.

"बघा हां. बारीक केला तर पुढं अजून घासून मोठा करता येतो. मोठा केला तर मागं फिरनं नाय. लोखंड गेलं ते गेलं."

"करा मोठा."

ते हसले. त्यांना आवडलं, हे मला दिसलं. दोन्ही दांडे तेलात बुडवलेल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी मुंबईला धाडले, आणि इंजिन उघड्या डोक्याने गॅरेजात पडून राहिलं. तो आठवडा मी हवेत होते. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी ट्रॅकची वळणं पाठ करत होते. वडखळला बस अडली तरी मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण माझं लोखंड आता घासलं जाणार होतं आणि मागे फिरणं नव्हतं.

मग रविवारी हमरापूरला गेले. निघण्याआधी होतील तेवढे डोळे काढून टाकावेत, म्हणून. दुपारपर्यंत चाळीस झाले. उठून पाठ मोकळी केली आणि मांडवभर नजर टाकली, तर अजून पाठीच पाठी. खालच्या फळीवर, मधल्या फळीवर, जमिनीवर. दादा पलीकडे रंग कालवत होता, पाठमोरा. तोही मला त्यांच्यातलाच एक वाटला. त्याने वळून "जाऊ नकोस" म्हटलं असतं तर मी खात्रीने गेले असते. तो रंग कालवतच राहिला. मी मागच्या दाराने बाहेर आले, शेवग्याखाली उभी राहिले आणि चाचांना फोन लावला.

"चाचा, ग्राइंडिंग झालं का?"

"उद्या सकाळी मशीनवर चढवनार."

"बारीक करायला सांगा."

 मग ते म्हणाले, "म्हंजी तुमी जात नाय."

"पुढे मोठा करता येतो ना? तुम्हीच म्हणालात."

"येतो की," चाचा म्हणाले. "येतो."

खरं सांगायचं तर बारीक कॅमवरही ट्रॅकवर जाता आलं असतं. कुणी गेटवर कॅम मोजत नाही. पण मला एकदा नाही म्हणायचं होतं तर ते पूर्ण म्हणायचं होतं, दार अर्धवट उघडं ठेवून बसायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. आणि त्याच दमात "पुढे करता येईल" असंही सांगितलं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, हे विचारलं नाही. "पुढे" या शब्दाने माझं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुणा माणसाने केलेलं नाही. मोठा कॅम मला परत फिरू देणार नव्हता, म्हणून मी त्याला घाबरले. बारीक कॅम सगळे रस्ते मोकळे ठेवतो, आणि सगळे रस्ते मोकळे असले की माणूस कुठेच जात नाही. चाचा अजून विचारतात, "ते दुसऱ्यांदा घासायचं कधी?" मी म्हणते, बघू.

मंगळवारी गाडी जोडून झाली. चाचांनी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. एकसारखं, शांत, गोड. बोनेटवर पाण्याचा पेला ठेवला असता तर सांडला नसता. घरी येताना वडखळला पाऊण तास अडकले आणि ती एकदाही कुरकुरली नाही. हजार आरपीएमवर समाधानाने गुणगुणत राहिली. चाचांनी, त्या मुंबईच्या माणसाने, सगळ्यांनी उत्तम काम केलं होतं. या रस्त्याला याहून योग्य कॅम जगात नसेल. मला स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं, आणि मी थोडी रडलेही, कारण काचा धुरकट होत्या आणि कुणाला दिसत नव्हतं.

बुधवार उजाडला. रजा सुरू झाली होती. जात नाही, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. गटाला नाही, दादालाही नाही. इतक्या थाटात "मी नाही" म्हणून आल्यावर "आहे मी" असं म्हणायला जीभ वळेना. दिवसभर घरात लपून बसले. दार वाजलं तरी उघडलं नाही. ओले कपडे दोरीवर वाळत नव्हते, भिंतींना बुरशीचा वास होता, पाऊस पडत होता. कैद्याला निदान कुणीतरी कोंडलेलं असतं. मी आतून कडी लावून बसले होते.

गुरुवारी सकाळी मन घट्ट केलं आणि हमरापूरला निघाले. गाडी कारखान्यासमोर चिखलात उभी केली. इंजिनाचा आवाज इतका कमी की आत कुणाला कळलंही नाही.

दादा खिडकीपाशी, माझ्या पाटावर बसला होता. डोळ्यांवर वहिनीचा चष्मा, स्वतःच्या चष्म्याच्या वर चढवलेला. डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलेलं. मांडीत मूर्ती. तो डोळे काढत होता. शेजारी एकोणीस मूर्ती मांडलेल्या, खोलीकडे तोंड केलेल्या. काहींची बुबुळं एकमेकांशी बोलत होती, काहींच्या पापण्या झोपेतून उठल्यासारख्या, एक तर सरळ वर छताकडे बघत होती. चाहूल लागली तसा दादाने मान वर केली. मला बघून त्याचा चेहरा पडला. लाजेने नव्हे. मला ते नीट दिसलं. काळजीने.

"तू गेली नाय गो?"

"नाही."

"का?"

 मी मूर्तींकडे बघत राहिले.

"आषाढापासून शिकतोय," तो म्हणाला. "फुटक्या मूर्ती घेतल्या पयल्या. शंभर तरी झाल्या असतील. तुला आत्ता सांगनार नव्हतो. तू जाऊन आलीस का दाखवनार व्हतो, म्हंजे पुढल्या वर्षी तुला इचारायला नको." मग चष्मा काढत, "बरे नाय जमले ना?"

प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलेल्या बाईला नमुना बघून खोटं बोलता येत नाही. "नाही जमले, दादा," मी म्हटलं आणि मला हुंदका आला.

तो उठला. मला वाटलं रागावला. त्याने दारापर्यंत जाऊन बाहेर चिखलातली गाडी बघितली, आभाळाकडे बघितलं. "शनवारी हाय ना तुझं ते? आज गुरवार. आत्ता निघालीस तर पोचशील."

"आणि हे डोळे?"

"नेतील लोक. नाय नेले तर ऱ्हातील हितंच. काय व्हतंय? जा तू."

तो खरंच म्हणत होता. बोलताना त्याने माझा पाट पायाने बाजूलाही सरकवला, मला वाट करून द्यायला. किल्ली माझ्या मुठीत होती, टाकी भरलेली होती, रस्ता घराच्या अंगणातूनच सुरू होत होता. त्या घटकेला मला थांबवणारं जगात कुणी उरलं नव्हतं. मी त्या एकोणीस तिरळ्या नजरांकडे बघितलं, पुढे झाले, आणि पाट परत खिडकीपाशी ओढून घेतला.

आधी पांढरा रंग लावून जुने डोळे बुजवावे लागले. हवा इतकी दमट की तो वाळायला शुक्रवार अख्खा गेला. मग शनिवार आणि रविवार, ज्या दोन दिवशी मी ट्रॅकवर असणार होते बरोबर त्या दोन दिवशी, मला जाता यावं म्हणून दादाने काढलेल्या डोळ्यांच्या जागी, आणि मग राहिलेल्या मूर्तींवर, मी माझे डोळे काढत बसले. दादा एकेक मूर्ती उचलून माझ्यापुढे ठेवत होता, आणि तेवढं झालं की तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होता.